फाँट्या

चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससमोर गाडी थांबली, की सगळी माणसं गेलेल्याचा चेहरा ओळखायचा प्रयत्न करतात. फाँट्या अक्षरं बघतो. ‘भावपूर्ण’ आणि ‘श्रद्धांजली’ यांच्यात अंतर जास्त पडलंय, ‘ली’मधला ल हिंदी वळणाचा आहे आणि शिरोरेखा दोन ठिकाणी तुटलीय, हे त्याला सिग्नल सुटायच्या आत दिसतं. गेलेला माणूस त्याच्याच शाळेतला शिपाई होता, हे घरी आल्यावर आईकडून कळतं.

“अरे, अक्षरं सरळ केली असती तर परत आले असते का ते?” आईनं एकदा वैतागून विचारलं.

“परत आले नसते,” फाँट्या म्हणाला, “पण गेले तरी नीट असते.”

हा माझा सख्खा भाचा. पण भाचा आहे म्हणून लिहितोय असं नाही. आता गावोगावी एकेक फाँट्या तयार झालाय. वय सतरा-अठरा, अंगात काळा टीशर्ट, फोनमध्ये मित्रांच्या फोटोंपेक्षा दुकानांच्या पाट्यांचे फोटो जास्त. लग्नपत्रिका हातात आली की तो मुहूर्त बघत नाही. हॉटेलात मेन्यूकार्ड वाचून त्याची भूक मरते. मिरजेत एकेकाळी तंबोऱ्याची जवारी नीट लागली नाही म्हणून मैफलीतून उठून जाणारे लोक होते, असं जुनी माणसं सांगतात. फाँट्या त्यांचाच वारस. त्यांचा कान दुखायचा, याचा डोळा दुखतो.

रोग लागला माझ्याच दुकानात, हे मान्य करायला हवं. माझ्या वडिलांचा मिरजेत छापखाना होता. एक ट्रेडल, खिळ्यांच्या केसेस आणि एक कंपॉझिटर, जो उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा भराभर वाचायचा. पुढे डीटीपी आलं, श्रीलिपी आली, कोरल आलं, खिळे भंगारात गेले आणि मी फ्लेक्सच्या धंद्यात पडलो. दोन केसेस मात्र माळ्यावर राहिल्या होत्या. आक्का, म्हणजे त्याची आई, बाजाराला जाताना पोराला दुकानात सोडायची आणि तो त्या खिळ्यांशी खेळत बसायचा. इतर मुलं ‘क’ म्हणजे कमळ शिकली. हा ‘क’ म्हणजे शिशाचा आणि उलटा, असं शिकला.

मोठा झाल्यावर त्याची नजर माझ्या गिऱ्हाइकांवर पडली. आमच्याकडे फ्लेक्सची एक पक्की रीत आहे. मधोमध दादा, वर कोपऱ्यात साहेब, दादांच्या डोक्यामागे किरणं, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, आणि उरलेल्या जागेत वाघ. एकदा मी जेवायला गेलो असताना एका मंडळाचं काम यानं परस्पर केलं. दहा बाय आठचा फ्लेक्स. मध्ये फक्त दादांचं नाव, बारीक अक्षरात, बाकी सगळं पांढरं. मंडळाचा अध्यक्ष स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “दादा वारले काय?”

अशा मुलानं बारावी सायन्सच्या पहिल्याच सहामाहीत “मला ग्राफिक डिझाइन करायचंय” असं जाहीर केलं, यात नवल काही नव्हतं. नवल वाटलं ते त्याच्या वडिलांना. आमचे दाजी स्टेट बँकेत आहेत. ते म्हणाले, “म्हणजे मामाचं दुकान?” यात मला अपमान वाटला नाही. भाच्याला वाटला.

आक्कानं विचारलं, “त्याला कॉलेज असतं?”

“असतं की. मुंबईचं जे.जे. बंडाच्या साली निघालं, १८५७ ला,” मी म्हणालो. “कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला. पुढे त्याची वेगळी संस्थाच झाली.”

“कटऑफ किती?” दाजी.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. दाजींना जगातली कुठलीही शिक्षणसंस्था तीन आकड्यांत समजते: कटऑफ, प्लेसमेंट, पॅकेज. त्यांनी वहीत तीन रकाने आखले आणि पोराला समोर बसवलं.

“पॅकेज काय असतं?”

“पॅकेजिंग तिसऱ्या वर्षी असतं,” फाँट्या म्हणाला. “बहुतेक साबणाचा खोका करायला देतात.”

दाजींनी वही मिटली. पण बँकेचा माणूस असा हार मानत नाही. त्यांनी स्वतःच शोध सुरू केला आणि आणखी गोंधळले. जे.जे.त त्यांना ‘उपयोजित कला’ सापडली, चार वर्षांची बी.एफ.ए. अहमदाबादच्या एनआयडीत ग्राफिक डिझाइन होतं, पण ते कम्युनिकेशन डिझाइनच्या पोटात, आणि तेही पहिलं पायाभूत वर्ष झाल्यावर वाट्याला येणारं. पवईच्या आयआयटीत आयडीसी नावाचा डिझाइनचा विभाग १९६९ पासून आहे. तिथं पदवीला नुसतं ‘डिझाइन’, आणि कम्युनिकेशन डिझाइन म्हणायला एम.डेस.पर्यंत थांबायचं. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडच्या कलामहाविद्यालयांतली जी.डी. आर्ट वेगळीच. ‘ग्राफिक डिझाइन’ असं ठळक लिहिलेलं दाजींना दोनच ठिकाणी दिसलं: खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींत, आणि बसस्टँडसमोरच्या ‘तीन महिन्यांत कोरल-फोटोशॉप, नोकरीची हमी’ या पाटीवर.

“आणि हे एनआयडी,” दाजी म्हणाले, “एवढं नाव, आणि २०१४ चा कायदा होईपर्यंत डिग्री नव्हती, डिप्लोमाच देत होते! आमच्याकडे नुसत्या डिप्लोमावर क्लार्कसुद्धा घेत नाहीत.”

“बाबा, तुमच्या बँकेचं चिन्ह एनआयडीतूनच आलंय,” फाँट्या म्हणाला. “शेखर कामत यांनी केलं, १९७१ मध्ये. ते निळं वर्तुळ आणि खालची फट.”

“ते कुलूप आहे ना? आम्ही आजवर ते कुलूपच समजत होतो.”

त्या रात्री दाजींनी पासबुक काढून बराच वेळ वरचं चिन्ह बघितलं आणि आतले आकडे न वाचताच मिटून ठेवलं. आक्का म्हणाली, लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

एनआयडी निघाली कशी, हेही पोरानं जेवताना सांगितलं. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यात आपल्या रोजच्या वापरातल्या लोट्याची तोंडभरून तारीफ केली, आणि १९६१ मध्ये ती संस्था उभी राहिली.

“तांब्या बघायला अमेरिकेतनं माणसं बोलावली?” दाजी.

“आणि बघून ठेवला, का घेऊन गेले?” आक्का.

घराची बाजू खऱ्या अर्थानं फिरली ती रुपयामुळे. रुपयाचं चिन्ह २०१० साली ठरलं आणि ते करणारे डी. उदयकुमार तेव्हा आयडीसीत पीएचडी करत होते, एवढं सांगून फाँट्यानं बक्षिसाची रक्कम सांगितली: अडीच लाख.

“एका अक्षराचे?”

“एका अक्षराचे.”

दाजींनी कॅल्क्युलेटर ओढला. वर्णमालेला काय होतील ते काढलं, मग बाराखडीकडे वळले. जोडाक्षरांशी आल्यावर आक्कानं ताट पुढं सरकवलं आणि हिशोब तिथंच राहिला. पण त्या दिवसापासून “ए.टी.डी. कर, निदान शाळेत चिकटशील” हे वाक्य घरात कोणी उच्चारलं नाही.

आता फक्त कॉलेज निवडायचं होतं. फाँट्यानं त्यासाठी तक्ता करायला घेतला.

सामान्य माणूस असा तक्ता वहीच्या मागच्या पानावर करतो. फाँट्यानं आधी कागदाचं माप ठरवलं. मग ‘महाविद्यालयांची तुलना’ हे शीर्षक कुठल्या फाँटात घ्यायचं, यावर तो काही आठवडे बसला. मंगल घ्यावा की नाही, यावरच त्याचं आतून भांडण चाललं होतं. विंडोजवरचा हा फाँट सगळं सरकारी जग न बघता वापरतं, म्हणून तो त्याला नकोसा. आणि तो र. कृ. जोशींनी केलेला, म्हणून त्याला नाव ठेवण्याची हिंमत नाही. जोशी सर म्हणजे फाँट्यांचं कुलदैवत. शेवटी मुक्ता ठरला; मुंबईच्या ‘एक टाइप’चा, देखणा, आणि फुकट. मग ओळींमधलं अंतर. मग रेघा हव्यात की नकोत. डावीकडच्या रकान्यात कॉलेजांची नावं सुरेख बसली. फी, अभ्यासक्रम, शिक्षक, प्रवेशपरीक्षा, शेवटची तारीख हे रकाने कोरे होते, पण त्यांच्या रुंदीचं प्रमाण अप्रतिम होतं.

डिझाइनच्या बाबतीत ही तारखांची भानगड फार वाईट आहे, आणि ती फाँट्याएवढीच शहाण्या आईबापांनाही नडते. आपल्याकडे कॉलेज हा विषय बारावीच्या निकालानंतर पेढ्यांबरोबर निघतो. एनआयडीची पहिली फेरी डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला होऊन गेलेली असते. आयआयटीवाल्यांची यूसीड जानेवारीत. अर्ज त्याच्याही आधी बंद. बारावीच्या कुठल्याही शाखेचा मुलगा त्या परीक्षेला बसू शकतो, ही सुवार्ता जूनमध्ये कळून काय करायची? मग जूनमध्ये जे दार उघडं असतं तेच आपल्याला हवं होतं, अशी घराघरांत समजूत घातली जाते, आणि त्या दाराची फी जबर असते. आमच्याकडे तारीख माहीत नव्हती असं नाही. तक्त्यात तिचा रकाना होता. रकान्याची रुंदी ठरत होती, तेवढ्यात तारीख गेली.

उरली राज्याची सीईटी. आणि प्रत्यक्ष जाऊन कॉलेजं बघणं. त्यासाठी मला बरोबर घेतलं. दाजींना फीचं कळतं आणि मला शाईचं, असा त्यामागे हिशोब.

पहिलं बघितलं ते पुण्याच्या बाहेरचं एक खासगी विद्यापीठ. नाव सांगत नाही, त्यांचा प्रॉस्पेक्टस मात्र सांगतो. तीनशे जीएसएमचं कव्हर, आत अनकोटेड कागद, शिवलेली बांधणी, कव्हरवर नावापुरतंच स्पॉट यूव्ही, बोट फिरवल्यावर जाणवेल इतकंच. एका प्रतीचा खर्च मी मनात काढला आणि मला गहिवरून आलं. फाँट्यानं पुस्तिका उघडून नाकाशी नेली आणि डोळे मिटले. एक पान पूर्ण कोरं आणि उजवीकडे खाली एवढासा पृष्ठक्रमांक. “मामा,” तो म्हणाला, “इथंच.”

समोर समुपदेशक बाई होत्या. मी विचारलं, “हे मुलांनी केलंय?”

“छे छे, सर!” बाईंना राग आला असावा. “प्रोफेशनल एजन्सीकडून करून घेतलंय.”

“मग मुलांनी केलेलं काही बघायला मिळेल?”

त्यांनी आम्हाला लॅब दाखवली. मॅकच्या रांगाच रांगा, सगळ्या मॅकांवर एकच डोंगर. भिंती धुतलेल्या तांदळासारख्या. मी खुर्च्यांखाली बघितलं, कोपऱ्यांत बघितलं. कागदाचा एक कपटा नाही, रंगाचा एक डाग नाही. ज्या छापखान्यात फरशी स्वच्छ असते तिथं काम नसतं, असं माझे वडील म्हणायचे. फीचा आकडा बाईंनी तोंडानं सांगितला नाही. कागदावर लिहून आमच्याकडे सरकवला. दाजींनी तो वाचला आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता मनातल्या मनात काढताना त्यांचे ओठ हलू लागले. रोज दुसऱ्यांचे हप्ते काढणारा माणूस स्वतःचा काढतो, तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

प्रॉस्पेक्टस फाँट्यानं उशाशी ठेवला. पुढं महिनाभर कुठल्याही कॉलेजचं नाव निघालं की तो उठून त्याचं कव्हर बोटानं चाचपून यायचा.

मुंबईला आम्ही महालक्ष्मीनं गेलो. सकाळी सीएसएमटीला उतरलं की जे.जे. पायी जाण्याच्या अंतरावर. वाटेत क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं दाखवून मी म्हणालो, ही लॉकवुड किपलिंगची, ते जे.जे.त शिकवायचे, त्यांचा मुलगा रडयार्ड १८६५ मध्ये जे.जे.च्याच आवारात जन्मला. “जंगल बुकवाला?” दाजी म्हणाले. “मग त्यानं हे कॉलेज का नाही केलं?”

आवारात झाडाखाली मुलं स्केचिंग करत बसली होती. फाँट्या आत शिरला, तो बोलेचना. पाट्या बघून झाल्या, सूचनाफलक बघून झाला, व्हरांड्यातली कामं बघून झाली. परतीच्या गाडीत कल्याण गेलं तरी गप्पच. शेवटी म्हणाला, “मामा, तिथं खुपण्यासारखं काही सापडलं नाही.” आणि मला कळलं की पोरगं घाबरलंय. नावं ठेवायला जागाच नसली, की तिथं आपलं काम काय, असा प्रश्न फाँट्याला पडतो. जे.जे. २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय, प्रवेशाचं त्यांच्याकडेच नीट विचारून घे, असं मी त्याला चारदा सांगितलं. त्यानं तक्त्यात जे.जे.चा रकाना एक मिलिमीटर रुंद केला.

तिसरं कॉलेज सरकारी. कुठलं ते नको. फाटकावरच्या पाटीतला ‘श’ गळून पडलेला आणि त्याच्या जागी कोणीतरी रंगानं काढलेला दुसरा, भलत्याच मापाचा. दारात प्रवेशाची सूचना कॉमिक सॅन्समध्ये. मराठी मजकूर आडवा ताणून पानभर बसवलेला. वर शिक्का, तोही तिरका. फाँट्या फाटकाशीच थांबला. “मी आत येणार नाही,” म्हणाला. “जे स्वतःचं नाव नीट लिहू शकत नाहीत ते मला काय शिकवणार?” या तर्कात खोट काढणं अवघड होतं. मी आणि दाजी त्याला चहाच्या गाड्यावर बसवून आत गेलो.

आत शाईचा वास आला. फार वर्षांनी. स्क्रीन प्रिंटिंगच्या खोलीत दोन मुली कोपरापर्यंत निळ्या झाल्या होत्या. व्हरांड्यातल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत कामं टाचलेली: जाहिरातींच्या मालिका, औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठ्याचे नमुने, एसटीच्या वेळापत्रकाची नवी मांडणी (ही एखाद्या डेपोला नेऊन दिली पाहिजे, असं वाटलं), आणि एका ओळीत नाटकांची नावं, हातानं लिहिलेली. कमल शेडग्यांच्या अक्षरांवर एक आख्खी पिढी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती वाचायला शिकली; ती वाट चालू पाहणारी पोरं होती ही. काही अक्षरं पडली होती, काही उभी राहिली होती. भिंतीचा पोपडा निघालाय, तिथं मुद्दाम एक पोस्टर असं लावलं होतं की पोपडा चित्राचाच भाग वाटावा.

शेवटच्या वर्षाचा एक मुलगा वडापाव खात होता. मी त्याला पाटीचं विचारलं.

“ती पीडब्ल्यूडीनं लावलीय,” तो म्हणाला. “आम्ही पाच डिझाइनं दिली होती. टेंडरात बसली नाहीत.”

“आणि ती सूचना?”

“ऑफिसातल्या क्लार्कनं टाइप केली. त्यांना तो फाँट आवडतो. हसरा आहे म्हणतात.”

मला विचाराल तर कॉलेज निवडायचं ते अशाच भिंतीवरून. फाटकावर वेगळं खातं काम करत असतं आणि प्रॉस्पेक्टसमध्ये एजन्सी. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेलं काम बघावं, शिक्षक कोण आणि त्यांतले कायम किती हे विचारावं, ग्रंथालयातल्या पुस्तकांची पानं मळलेली आहेत का ते उलटून बघावं. दाजींना हे पटलं नाही. त्यांनी मुलाला प्लेसमेंटचं विचारलं. मुलगा म्हणाला, “काका, आम्ही आत्ताच कामं करतोय. पैसे मिळत नाहीत, तो भाग वेगळा.”

फाँट्याला मी बखोटीला धरून आत आणला. तो नाटकांच्या नावांपुढे उभा राहिला. डोळे बारीक केले. मग बोट उचललं. “ह्या ‘ळ’चं पोट मोठं झालंय. उजवीकडे वजन जास्त पडतंय.”

वडापाववाल्यानं हात पँटला पुसले, खिशातून कट निबचं पेन काढलं आणि पुढे धरलं. “मग काढ की.”

फाँट्या पेनाकडे बघत राहिला. “मी...” तो म्हणाला, “मी डिजिटल.”

हे त्या जातीचं मर्म. हजार ‘ळ’ पारखलेल्या माणसानं एकही काढलेला नव्हता. शाळेत असताना इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला सी ग्रेड मिळाली, तीही अक्षरलेखनाच्या जोरावर. वस्तुचित्रातली बादली चपटी झाली होती. आणि सीईटीत तर वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. फाँट ओळखा, असा पेपर नाही.

आक्कानं शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं घर गाठलं. सर निवृत्त झालेले, ऐकायला कमी येतं, त्यामुळे फाँट्याची मतं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती; शिकवणीला हे फार उपकारक ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनी बोरू, शाईची दौत आणि रद्दीचा गठ्ठा पुढे ठेवला. “अ काढ.” फाँट्यानं काढला आणि स्वतःच फाडला. दुसरा काढला, फाडला. गठ्ठा संपला तरी सरांना दाखवायला एक ‘अ’ नव्हता. सरांनी जास्त रद्दी मागवली. आक्का शेजारपाजारची वर्तमानपत्रं गोळा करू लागली. रद्दीवाल्यानं आमच्या गल्लीत येणं सोडून दिलं.

स्मरणचित्राचा सराव म्हणून एकदा ‘भाजी मंडई’ दिली. फाँट्यानं दोन तास खपून मंडई काढली. दुकानांच्या पाट्या बिनचूक, ‘ताजी पालेभाजी’चा जकार बघत राहावा असा, वजनकाट्यावर कंपनीचं चिन्हसुद्धा. फक्त मंडईत माणूस नव्हता. सरांनी चष्मा वर करून विचारलं, “बंद आहे काय?” “काय?” फाँट्या ओरडला. “मंडई. बंद आहे काय?” मग त्यानं घाईनं एक म्हातारी काढली. ती पाटीएवढी उंच झाली.

वस्तुचित्रासाठी घरात मांडणी झाली: चादर, कांदे, आणि आक्काचा पितळी तांब्या. प्रकाश बदलू नये म्हणून खिडकी बंद, आणि तांब्याला हात लावायचा नाही. देवपूजा स्टीलच्या फुलपात्रावर आली. चौथ्या दिवशी आक्का म्हणाली, “त्या अमेरिकेवाल्यांनी निदान बघून परत दिला असंल.” दाजी संध्याकाळी बँकेतून आले की त्या तांब्यापुढे खुर्ची घेऊन बसत. “डावीकडची कड जरा जास्तच फुगलीय,” असं ते एकदा आपणहून म्हणाले. आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

सीईटी झाली. तिथली बादली बादलीसारखी दिसली, एवढंच तो सांगतो. कॉलेजांचे पसंतीक्रम भरायच्या वेळी मात्र जुना फाँट्या उसळून आला. वेबसाइटवरच्या यादीत नावांची अक्षरं एकमेकांवर चढली होती आणि तो क्रम लावण्याआधी यादीच सुधारून देतो म्हणत होता. दाजींनी माउस हिसकावून घेतला. पहिल्या फेरीत नाव लागलं ते त्या गळालेल्या ‘श’च्या कॉलेजात. पोरगं बातमी ऐकून थोडा वेळ गप्प बसलं. मग विचारलं, “मागच्या फाटकानं जाता येतं का?”

पहिल्या वर्षात काय काय झालं ते सांगत बसत नाही. ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षात कॉम्प्युटरला हात फारसा लागत नाही आणि घरच्यांना वाटतं पोरगं फसलं, एवढं सगळीकडेच होतं. बोटांना शाई लागली, आईनं साबण पाठवला. खोक्याकडं न बघता त्यानं साबण वापरला, हे मला विशेष वाटलं.

परवा त्याचा फोन आला. “मामा, फ्लेक्स हवाय. कॉलेजच्या प्रदर्शनाचा. दहा बाय आठ. पैसे नाहीत.”

“मॅटर पाठव.”

मॅटर आलं. उघडलं, तर सगळं पांढरं. मला वाटलं फाइल बिघडली. मग खाली डाव्या कोपऱ्यात एक ‘अ’ दिसला. बोरूचा, स्कॅन केलेला, शाई जिथं संपत आली होती तिथं थोडा खरखरीत. खाली तारीख आणि वेळ, मुंगीएवढी.

“बाकीचं कुठाय?” मी विचारलं.

“तेवढंच आहे.”

“अरे, स्क्वेअर फुटावर छापतो मी. पांढऱ्याचेही तेवढेच पैसे पडतात मला.”

“पांढरं लागतंच, मामा. ते काढलं तर ‘अ’ दिसणार नाही.”

“बरं. फुकट करतोय, तर एवढी जागा मोकळी आहे; उजव्या कोपऱ्यात सौजन्य म्हणून दुकानाचं नाव टाकतो.”

पलीकडे एकदम शांतता. मागे कोणीतरी स्क्वीजी ओढत असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता नाही म्हणेल, किंवा रडेल.

“कुठल्या फाँटात?” फाँट्यानं विचारलं.